मधपेटी रिकामी कां होते? — राणी, फूट व चारा यांचा विचार

शेतकऱ्यानें जोडधंदा म्हणून मधमाशा पाळाव्या, हें सांगणारे लेख व व्याख्यानें आजवर पुष्कळ झालीं आहेत, आणि तें सांगणें योग्यहि आहे. परंतु पेटी घरीं आणल्यावर पहिल्या वर्षांत तिचें काय होतें, याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. पेटी मोठ्या हौसेनें परसांत मांडली जाते. माघ-फाल्गुनांत माशा जोमानें कामास लागतात. वैशाखांत थोडा मध हातीं येतो. पुढें आषाढ-श्रावण उलटल्यावर झांकण काढून पाहावें, तों आंत काळीं पडलेलीं पोळीं, मेणकिड्याचीं जाळीं आणि चार मेलेल्या माशा एवढेंच शिल्लक असतें. मग धनी म्हणतो, "माशांची जातच बेइमान, खाल्लें-प्यालें आणि निघून गेल्या." पेटी माळ्यावर पडते, आणि त्या घरांत पुन्हां या धंद्याचें नांव निघत नाहीं.

माशांवरील हा आरोप आम्हांस अन्यायाचा वाटतो. आमची सारी नोकरी महसुलाच्या दफ्तरांत गेली. त्या कामांत एक गोष्ट अंगवळणीं पडते ती ही कीं, एखादें चांगलें शेत पडीक पडलें, तर त्याचें कारण मागील सालांच्या नोंदींत कोठें तरी सांपडतेंच. पाहणारा मात्र पाहिजे. मधपेटीचेंहि तसेंच आहे. माशा कारणावांचून घर सोडीत नाहींत. बाहेरचे शत्रु व रोग सोडले, तर पेटी ओस पडण्याचीं कारणें बहुधा तीनच असतात: राणी नाहींशी झाली, घर वारंवार फुटलें, किंवा अन्न संपलें. या तिहींचीं चिन्हें पोळ्यावर आठ-पंधरा दिवस आधीं उमटलेलीं असतात. तीं वाचावयाचीं कशीं व वाचल्यावर करावयाचें काय, हें नव्या पालकांसाठीं क्रमानें सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

कोणती माशी पाळावी.— आपल्या मुलखांत मध सांठविणाऱ्या माशा अनेक जातींच्या आहेत. आग्या माशी उंच झाडास किंवा कड्यास एकच मोठें पोळें उघड्यावर लावते. ती पेटींत राहत नाहीं. फुलोरी माशी झुडपांत लहानसें एकच पोळें करते. तीहि पाळण्याजोगी नाहीं. भिंतीच्या भेगांत राहणारी, नांगी नसलेली बारीक माशी थोडकाच मध देते. सातेरी माशी मात्र झाडाच्या ढोलींत, वारुळांत, कपारींत, म्हणजे अंधाऱ्या जागीं एकाशेजारीं एक अशीं अनेक समांतर पोळीं बांधते. हाच तिचा स्वभाव तिला पेटींत राहण्यास योग्य करतो. युरोपांतील मेलिफेरा जातीची माशी सन १९६० नंतरच्या काळांत उत्तर भारतांत चांगली रुजली व आतां आपल्याकडेहि पाळली जाते. ती मध अधिक देते, परंतु तिला फुलोराहि विपुल लागतो, व त्यासाठीं पेट्या गांवोगांव हलवाव्या लागतात. डोंगराळ मुलखांतील लहान शेतकऱ्यास सातेरीच बरी, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याविषयीं आहे.

पेटीविषयीं दोन शब्द.— सन १८५१ मध्यें अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या धर्मोपदेशकानें असें ताडलें कीं, दोन पोळ्यांमध्यें किंवा पोळें व भिंत यांमध्यें सुमारें पाऊण सेंटिमीटर फट ठेविली, तर माशा ती मेणानें बुजवीत नाहींत आणि तींत नवें पोळेंहि बांधीत नाहींत. जाण्यायेण्याची वाट म्हणून ती मोकळी ठेवतात. या एका शोधामुळें पोळें न कापतां चौकटीसह उचलून पाहतां येऊं लागलें. सातेरीच्या लहान मापाची पेटी दक्षिण भारतांत फादर न्यूटन यांनीं सन १९१० च्या सुमारास सिद्ध केली. तिला न्यूटन पेटी म्हणतात. तिच्या खालच्या कोठ्यांत पिलावा वाढतो व वरच्या मधकोठ्यांत विकावयाचा मध सांठतो. चौकट हलवितां येते, हाच पेटीचा खरा लाभ. जो पालक चौकटी उचलून कधीं पाहतच नाहीं, त्याची पेटी आणि रानांतील ढोली यांत फरक राहत नाहीं.

राणीचें काम.— एका वसाहतींत राणी एकच असते. ती राज्य करीत नाहीं. तिचें काम अंडीं घालण्याचें. चांगल्या मोसमांत ती दिवसाकाठीं कित्येक शेंकडे अंडीं घालते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारें २० दिवस, नरास सुमारें २४ दिवस व राणीस सुमारें १६ दिवस लागतात. कामाच्या दिवसांत कामकरी माशीचें आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास असतें. म्हणजे आज पेटींत दिसणारी गर्दी दीड-दोन महिन्यांत सगळी मरून जाते व तिच्या जागीं नवी येते. राणी दोन-तीन वर्षें जगते खरी, परंतु पहिल्या वर्षाचा तिचा जोम पुढें राहत नाहीं.

राणी आणि कामकरी माशी यांचें अंडें एकाच प्रकारचें असतें. अळीला पहिले कांहीं दिवस व पुढेंहि अखेरपर्यंत राजान्न मिळालें, तर त्याच अंड्याची राणी होते; साधें अन्न मिळालें तर कामकरी. राणी जन्मानें होत नसून अन्नानें होते, ही गोष्ट पालकानें मनांत पक्की ठसवावी, कारण पुढील सारे उपाय तिच्यावर उभे आहेत. नराची गोष्ट निराळी. सिलेशियांतील झिएरझोन नांवाच्या पाद्र्यानें सन १८४५ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, नर माशा फलित न झालेल्या अंड्यांतून निपजतात. तें पुढें खरें ठरलें. राणीचें मीलन पेटींत होत नाहीं. ती बाहेर उडून जाते व हवेंत तिचा नरांशीं संयोग होतो. ही गोष्ट जिनीव्हा येथील फ्रान्स्वा ह्यूबर यांनीं सन १७९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सांगितली. ह्यूबर दृष्टिहीन होते. आपल्या सहायकास शिस्तीनें पाहावयास सांगून त्यांनीं हीं निरीक्षणें केलीं. डोळे असलेल्या आपण मंडळींनीं आठवड्यांतून एकदां पेटी पाहण्याचा आळस करावा, हें बरें नव्हे.

राणी आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें.— नवशिक्या पालक पेटी उघडून राणीला शोधीत बसतो. त्या खटपटींत पेटी फार वेळ उघडी राहते, पिलावा गारठतो व माशा चिडतात. राणी दिसलीच पाहिजे असें नाहीं. तिची ताजी सही पोळ्यावर असते, ती पाहावी. चौकट सूर्याकडे पाठ करून धरावी, म्हणजे घरट्यांच्या तळाशीं ऊन पडतें. एका घरट्यांत एकच अंडें, तेंहि तळाच्या मध्यावर, असें दिसलें कीं राणी आहे व ती चांगली आहे असें समजावें. अंडें पहिल्या दिवशीं उभें असतें, दुसऱ्या दिवशीं कलतें व तिसऱ्या दिवशीं आडवें पडतें. चौथ्या दिवशीं अळी होते. यावरून उभें अंडें दिसल्यास राणी कालपरवांपर्यंत तेथें होती, हें निश्चित होतें.

पिलाव्याची ठेवणहि पाहावी. झांकलेल्या घरट्यांचा पट्टा सलग असेल तर राणी जोमदार. चाळणीसारखीं मध्येंमध्यें रिकामीं घरटीं दिसूं लागलीं तर ती म्हातारी झाली किंवा पिलाव्यास रोग झाला. नराच्या घरट्याचें झांकण उंच टोपीसारखें असून त्याच्या मध्यावर बारीक छिद्र असतें. ऋतु नसतां नरांचाच पिलावा वाढूं लागला, तर राणीचा सांठा संपत आल्याची ती खूण होय.

एका घरट्यांत दोन-चार अंडीं, तींहि तळाऐवजीं बाजूच्या भिंतीस चिकटलेलीं दिसलीं, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. राणी पुष्कळ दिवसांपूर्वीं नाहींशी झाली असून कामकरी माशाच अंडीं घालूं लागल्या आहेत. त्यांचा नराशीं संयोग झालेला नसतो, म्हणून त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात, आणि नर मध आणीत नाहींत. सातेरींत ही अवस्था लवकर येते. अशा वसाहतीस नवी राणी दिली तरी माशा बहुधा तिला मारून टाकतात. ती वसाहत दुसऱ्या जोमदार वसाहतींत मिसळून टाकावी, हेंच शहाणपणाचें.

राणी गेल्यास उपाय.— राणी नुकतीच गेली असेल, म्हणजे घरटीं विस्कटलेलीं नसून फक्त अंडीं नाहींत, माशा अस्वस्थ गुणगुणत आहेत, अशी स्थिति असेल, तर तीन मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या चांगल्या पेटींतील अंडीं व कोंवळ्या अळ्या असलेली एक चौकट माशा झाडून या पेटींत द्यावी. माशा त्यांतून राणीघर करून घेतात. दुसरा, दुसऱ्या पेटींत तयार झालेलें झांकलेलें राणीघर पोळ्याच्या तुकड्यासह कापून येथें जोडावें. तिसरा, अंडीं घालणारी राणीच आणून द्यावी.

यांतील पहिला मार्ग सर्वांत सोपा दिसतो, परंतु त्याचा हिशेब करावा. कोंवळ्या अळीपासून राणी बाहेर पडण्यास सुमारें १२ दिवस, तिचें उड्डाण होऊन अंडीं सुरू होण्यास आणखी १० ते १२ दिवस, व त्या अंड्यांची कामकरी माशी होण्यास २० दिवस. म्हणजे पहिली नवी माशी दिसण्यास सुमारें सहा ते सव्वासहा आठवडे. जुन्या राणीचीं शेवटचीं अंडीं पहिल्या तीन आठवड्यांत उगवून संपतात. पुढील तीन-साडेतीन आठवडे पेटींत एकहि नवी माशी जन्मत नाहीं, आणि जुन्या मात्र रोज मरत असतात. म्हणून या मार्गानें जावयाचें असल्यास मधून मधून झांकलेल्या पिलाव्याची एखादी चौकट दुसऱ्या पेटींतून देत जावी. पावसाळ्याच्या तोंडावर हा मार्ग धरूंच नये. त्या दिवसांत नर कमी असतात, हवा उड्डाणास अनुकूल नसते, व कुमारी राणी तशीच राहून जाते.

तयार राणी द्यावयाची असल्यास घाई करूं नये. पेटींतील सर्व राणीघरें आधीं काढून टाकावीं. राणीला बारीक तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यांत घालून तो पिंजरा पिलाव्याच्या दोन चौकटींमध्यें टांगावा. एक-दोन दिवसांनीं पाहावें. माशा जाळीवर शांतपणें बसून राणीला अन्न देत असतील तर संध्याकाळीं थोडा पाक देऊन तिला मोकळी करावी. त्या जाळीला घट्ट चिकटून चावत असतील तर आणखी एक दिवस थांबावें. अनोळखी राणीभोंवतीं माशा गोळा होऊन तिला गुदमरून मारतात. एक दिवसाच्या धीरानें हा अनर्थ टळतो.

घर कां फुटतें.— माशा मरतात व जन्मतात, त्यानें वसाहत टिकते. परंतु एका वसाहतीच्या दोन होतात त्या फुटीनें. हा निसर्गाचा क्रम आहे, तो रोग नव्हे. फुलोरा वाढूं लागला, पिलावा भरला, जागा अपुरी झाली व राणी जुनी असली, म्हणजे फुटीची तयारी सुरू होते. प्रथम नरांचा पिलावा दिसूं लागतो. नंतर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखीं, तोंड खालीं असलेलीं राणीघरें लोंबूं लागतात. पहिलें राणीघर झांकलें गेलें कीं त्या सुमारास एका स्वच्छ दिवशीं जुनी राणी निम्म्याहून अधिक माशा घेऊन बाहेर पडते. राणीघर अंडें पडल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास झांकलें जातें. यास्तव फुटीच्या मोसमांत दोन पाहण्यांमध्यें सात दिवसांहून अधिक अंतर पडूं देऊं नये, हा नियम कडक पाळावा.

नुसतीं राणीघरें मोडीत राहिल्यानें फूट थांबत नाहीं. माशा पुन्हां नवीं बांधतात. कारण दूर करावें. खालच्या कोठ्यांत रिकामी चौकट द्यावी, मधकोठा वेळेवर चढवावा, दुपारचें ऊन पेटीवर पडत असल्यास सावली करावी, आणि राणी दोन वर्षांची झाली असल्यास बदलावी. इतकें करूनहि घर फुटावयाचेंच असेल, तर आपणच तें फोडावें. त्याची रीत अशी: जुनी राणी, पिलाव्याच्या दोन-तीन चौकटी, मध व परागाची एक चौकट आणि त्यांवरील माशा नव्या पेटींत घालून ती दूर ठेवावी. तेथें एक-दोन चौकटींवरील माशा आणखी झाडाव्या, कारण उडणाऱ्या पुष्कळशा माशा जुन्या जागीं परत जातात. जुन्या पेटींत मोठें व सरळ असें एकच राणीघर ठेवून बाकीचीं काढून टाकावीं. पुढें पंधरा दिवस ती उघडूं नये. तीन आठवड्यांनीं अंडीं दिसलीं तर काम फत्ते झालें. न दिसलीं तर नव्या पेटींतून एक अंड्यांची चौकट द्यावी किंवा दोन्ही वसाहती पुन्हां एक कराव्या.

राणीघरें एकाहून अधिक ठेवण्याचा मोह अनेकांस होतो. त्याचा परिणाम असा कीं, पहिल्या फुटीमागून कुमारी राणीसह दुसरी फूट निघते, मग तिसरी; आणि शेवटीं मूळ पेटींत मूठभर माशा राहतात. चार भावांनीं गुंठ्यागुंठ्याची वांटणी करून घेतल्यावर ज्याप्रमाणें कोणाचेंच शेत पोटापुरतें राहत नाहीं, तशीच ही गत होय.

बाहेर पडलेला थवा धरणें.— थवा प्रथम जवळच्या फांदीवर घोस करून बसतो व तेथें कांहीं वेळ थांबतो. त्या वेळीं माशांच्या पोटांत मध भरलेला असतो व राखावयास घर नसतें, म्हणून त्या बऱ्याच शांत असतात. घोसावर पाण्याचा बारीक शिंतोडा मारावा. टोपली किंवा कापडी पिशवी घोसाच्या वर तोंड खालीं करून धरावी व खालून हळूहळू धुराचा झोत देत माशांस वर चढवावें. संध्याकाळीं त्यांस पेटींत घालावें. पेटींत उघड्या अळ्यांची एक चौकट अवश्य द्यावी. पिलावा सोडून माशा सहसा जात नाहींत. रिकाम्या नव्या पेटींतून मात्र दुसऱ्या दिवशींच निघून जातात. त्या रात्रीं पाव लिटर पाक द्यावा. दारास राणी-फाटक, म्हणजे जींतून कामकरी माशी जाते पण राणी जात नाहीं अशा फटीची पट्टी, चार-पांच दिवस लावतां येते. राणी कुमारी असेल तर हें फाटक मुळींच लावूं नये. तिचें उड्डाण अडतें व ती जन्मभर निरुपयोगी होते.

फूट आणि उठून जाणें.— या दोहोंतील भेद न कळल्यामुळें पुष्कळांचें नुकसान होतें. फुटीनंतर पेटींत निम्म्या माशा, पिलावा, मध आणि राणीघरें मागें राहतात. ती वाढीची खूण आहे. उठून जाण्यांत एकहि माशी मागें राहत नाहीं. सातेरींत ही संवय अधिक आहे. परंतु ती एका रात्रींत होणारी गोष्ट नव्हे. आधीं परागाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माशा कमी होतात. मग राणी अंडीं घालण्याचें थांबविते. उघड्या अळ्या संपत जातात. सांठविलेला मध खाऊन टाकला जातो. शेवटचा झांकलेला पिलावा उगवून निघाला कीं एका सकाळीं सारी वसाहत उठते. या क्रमास बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढी मुदत पालकास मिळालेली असते.

अशी चिन्हें दिसतांच कारण शोधावें. उपासमार असल्यास त्याच संध्याकाळपासून पाक द्यावा. मुंग्या येत असल्यास घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे. माशांनीं न झांकलेलीं जुनीं पोळीं काढून घ्यावीं, कारण मेणकिडा तेथूनच शिरतो. पेटीचा तळ झाडून स्वच्छ करावा. ऊन, धूर, गुरांचा त्रास असल्यास तो दूर करावा, आणि दुसऱ्या निरोगी पेटींतील उघड्या पिलाव्याची एक चौकट द्यावी.

चारा केव्हां द्यावा.— सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गेळा, जांभूळ, हिरडा यांचा फुलोरा सरला कीं पावसाळ्याचे तीन-चार महिने माशांच्या दुष्काळाचे असतात. कारवी फुलली तर मधाची चंगळ, परंतु ती सात वर्षांनीं एकदां फुलते. देशावर उन्हाळ्याची अखेर कठीण जाते. पाऊस सुरू झाल्यावर पुढें तीळ, कारळा, सूर्यफूल यांनीं दिलासा मिळतो. प्रत्येकानें आपल्या शिवारांत कोणत्या महिन्यांत काय फुलतें याची यादी करावी, म्हणजे कोणता महिना उपाशी जाणार हें आधींच कळेल.

चाऱ्याचा पहिला नियम हा कीं, चारा पेटींतच ठेवावा. खालच्या कोठ्यांतील मध हा माशांचा बियाण्याचा दाणा होय. तो काढूं नये. ज्येष्ठांत शेवटचा मधहि पिळून घेणारा पालक पुढें दहा रुपयांच्या साखरेसाठीं हात आंखडतो आणि शंभराचें नुकसान करून घेतो. पावसाळा लागतांना चौकटींच्या वरच्या भागीं झांकलेल्या मधाचा चार बोटें रुंद पट्टा असावा. तो नसेल तर साखर देणें भागच आहे.

पाकाची रीत.— पिलावा वाढवावयाचा असेल तेव्हां साखर व पाणी समभाग घ्यावें. सांठा करून द्यावयाचा असेल व हवा दमट असेल तेव्हां दोन भाग साखरेस एक भाग पाणी घ्यावें, म्हणजे माशांस पाणी आटविण्याचा त्रास कमी पडतो. पाणी उकळून चुलीवरून उतरावें व मग साखर घालून ढवळावें. साखर करपूं देऊं नये. स्वच्छ पांढरी साखरच घ्यावी. गूळ, काकवी यांनीं माशांस हगवण लागते. अनोळखी मधहि खाऊं घालूं नये, कारण त्यांतून रोग येतात. सन १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतांत थाई सॅकब्रूड नांवाच्या विषाणुरोगानें सातेरीच्या असंख्य वसाहती नाहींशा केल्या. त्यांत अळी पाण्यानें भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. अशा पेटींतील चौकट किंवा मध दुसऱ्या पेटींत जातां कामा नये.

पाक झांकणाला बारीक छिद्रें पाडलेल्या डब्यांत भरून तो चौकटींच्या वर पालथा ठेवावा. किंवा उथळ वाटींत ओतून वर वाळलेल्या गवताच्या काड्या पसराव्या, म्हणजे माशा बुडत नाहींत. एका वेळीं पाव लिटर पुरे. भर पावसाळ्यांत दर आठवड्यास एका पेटीस सुमारें २०० ग्रॅम साखर लागते असें धरून चालावें. पाक नेहमीं संध्याकाळीं द्यावा, सर्व पेट्यांस एकाच वेळीं द्यावा, थेंब बाहेर सांडूं देऊं नये, आणि दार दोन-तीन माशा जातील इतकें अरुंद करावें. हें न पाळल्यास बळकट पेटीच्या माशा दुबळ्या पेटीवर धाड घालतात. आणि एकदां लूट सुरू झाली कीं ती आवरणें कठीण. परागाची टंचाई असल्यास भाजलेल्या डाळ्याचें बारीक पीठ पाकांत मळून त्याची लहान वडी चौकटींवर ठेवावी.

मधकोठा चढविल्यावर चारा देणें पूर्ण बंद करावें. तेव्हां दिलेला पाक मधकोठ्यांत जाऊन बसतो व तो मध म्हणून विकणें ही ग्राहकाची फसवणूक होय. शेतकऱ्याच्या मधाला जो भाव आहे तो विश्वासाचा आहे; तो एकदां गेला कीं परत येत नाहीं.

मृगापूर्वींची तयारी.— पावसाळ्यांत पेटी जगविण्याचें अर्धें काम मृगापूर्वींच करावयाचें असतें. चार चौकटींहून कमी माशा असलेली वसाहत पावसाळा बहुधा काढीत नाहीं. ती शेजारच्या वसाहतींत मिसळावी. दोहोंपैकीं दुबळी राणी काढून टाकावी, बळकट पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद बारीक छिद्रें पाडून पसरावा, व त्यावर दुबळ्या वसाहतीचा कोठा ठेवावा. माशा कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो व भांडण होत नाहीं. दोन दुबळ्या पेट्या श्रावणांत दोन्ही मरतात. त्यांची एक केली तर ती कार्तिकांत पुन्हां दोन होते. पेटीचें दार पावसाच्या झोताच्या उलट दिशेस, शक्यतों पूर्वेस असावें. पेटी किंचित् पुढें कललेली असावी, म्हणजे पाणी आंत सांचत नाहीं. व छपरावर वजन ठेवावें.

नोंदवही.— शेवटीं आमच्या जुन्या धंद्यास शोभेल अशी एक सूचना. प्रत्येक पेटीस क्रमांक द्यावा व एक वही ठेवावी. दर पाहणीस पांच गोष्टी लिहाव्या: तारीख, माशांनीं झांकलेल्या चौकटी किती, अंडीं आहेत कीं नाहींत, राणीघरें किती, व मधाचा पट्टा किती बोटें. इतकें लिहिण्यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत. परंतु दोन पाहण्यांची तुलना केली कीं पेटी चढतीला आहे कीं उतरतीला, हें तत्काळ कळतें. आम्हीं पाहिलेल्या एका गांवीं दोन शेजाऱ्यांनीं एकाच दिवशीं पेट्या आणल्या होत्या. एकाच्या वहींत आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यांत "अंडीं नाहींत, पट्टा नाहीं" अशी नोंद होती, व त्याखालीं त्याच संध्याकाळीं पाक दिल्याची. दुसऱ्याकडे वही नव्हती. दसऱ्याला पहिल्याच्या तीन पेट्या झाल्या होत्या. दुसऱ्याची माळ्यावर होती.

सातेरीच्या एका पेटीपासून चांगल्या वर्षीं पांच-सात किलो मध मिळतो. एवढ्यावर कोणी श्रीमंत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु कारळा, सूर्यफूल, कांद्याचें बी, काकडी-भोपळ्याचे वेल यांस दाणा-फळ धरण्यास माशी लागते, आणि तो लाभ वहींत न लिहितांहि शेतांत दिसतो. मात्र फुलोऱ्यांतील पिकावर औषध मारणें टाळावें; टळत नसल्यास माशा घरीं परतल्यावर, संध्याकाळीं मारावें. प्रत्यक्ष शिकण्याची इच्छा असणाऱ्यांनीं राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वर येथील मधुकेंद्रांत, किंवा पुणें येथें सन १९६२ मध्यें स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेंत चौकशी करावी. महाबळेश्वराजवळचें मांघर हें गांव सन २०२२ मध्यें "मधाचें गांव" म्हणून जाहीर झालें. तेथेंहि जाऊन पाहण्यासारखें आहे.

ज्यांची पेटी माळ्यावर गेली आहे त्यांनीं ती खालीं उतरवावी, गरम पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावी, आणि यंदाचा फुलोरा सुरू होण्यापूर्वीं एका चांगल्या वसाहतीची तजवीज करावी. माशांकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवूं नये. त्यांस राणी, जागा व अन्न या तीन गोष्टी वेळेवर मिळाल्या कीं त्या आपण होऊन राहतात. हा अनुभव वाचकांनीं स्वतः घेऊन पाहावा व आपल्या शिवारांतील फुलोऱ्याचा काळ या मासिकास कळवावा, म्हणजे सर्व बांधवांस त्याचा उपयोग होईल, अशी आमची विनंति आहे.